"सर, मीच फार मनाला लावून घेतो का?"

छत्रपती संभाजीनगरमधील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न वारंवार येतो. कधी ईशान्येकडील राज्यांतून शिकायला आलेली मुलगी तो विचारते, कधी आफ्रिकेतून आलेला विद्यार्थी. वर्णावरून किंवा चेहरेपट्टीवरून ज्याला टोचले जाते, तोच नेहमी स्वतःला तपासायला येतो. "माझी थट्टा फार झाली का?" असे विचारायला मात्र माझ्याकडे आजवर कोणी आलेले नाही.

आफ्रिकेतून आलेल्या अशाच एका पदव्युत्तर विद्यार्थ्याविषयी, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे लिहीत आहे. त्याला आपण इद्रिस म्हणू. आमचे बोलणे हिंदी आणि इंग्रजीच्या मिश्रणात होत असे. वसतिगृहाच्या मेसमध्ये वीज गेली की कोणीतरी "आता हस, म्हणजे दिसशील" असे म्हणे, आणि टेबलावरचे सगळे हसत. प्रयोगशाळेत त्याच्या शेजारची जागा रिकामी राही. त्याची झोप उडाली होती, तो जेवण खोलीत आणून खाऊ लागला होता आणि मित्रांचा सल्ला एकच होता: दुर्लक्ष कर.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे प्रसंगाविषयीचे आपले विचार तपासून पाहण्याची समुपदेशनाची रीत, मानणारा आहे. या पद्धतीवर असा आक्षेप घेतला जातो की, ती पीडितालाच विचार बदलायला सांगते. माझा अनुभव वेगळा आहे. घडलेला प्रसंग आणि त्यातून आपण स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष यांची फारकत केली, तर कोणती जबाबदारी कोणाची हे लख्ख दिसू लागते. म्हणून मी इद्रिसला एका कागदावर दोन रकाने आखायला सांगितले. डावीकडे कोण काय बोलले वा वागले, तारखेसह. उजवीकडे त्या वेळी तो स्वतःशी काय म्हणाला. पुढच्या भेटीत त्याने कागद आणला. डावीकडे मेसमधले ते वाक्य होते. त्यासमोर उजवीकडे लिहिले होते, "मी येथे आलो हीच माझी चूक."

मी विचारले, "हे उजवीकडचे वाक्य त्या मुलांपैकी कोणी उच्चारले होते का?"

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. "नाही, सर. ते माझे आहे."

"आणि डावीकडचे?"

"ते त्यांचे." मग थोडा कडवट हसून तो म्हणाला, "त्यांनी अर्धेच दिले होते, सर. उरलेले अर्धे मी स्वतःच घातले."

इतक्या वर्षांत मला जे स्पष्टपणे मांडता आले नव्हते, ते या मुलाने एका वाक्यात सांगितले. उजव्या रकान्याचे काम माझ्या खोलीत करायचे होते. डावा रकाना, त्यातील एक शब्दही न बदलता, तक्रारअर्ज होऊ शकत होता. दुःख बोलून हलके करणे आणि अन्यायाची नोंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले म्हणून दुसरे टाळावे, असा सल्ला देणारे समुपदेशन मला अर्धवट वाटते.

(ज्या शहराची वस्ती १६१० मध्ये आफ्रिकेत जन्मलेल्या मलिक अंबरने, निजामशाहीच्या वजिराने, खडकी या नावाने वसवली, तेथे असे व्हावे याची मला शरम वाटते. इद्रिसला मात्र मी हे दिलासा म्हणून सांगितले नाही. त्याच्या सन्मानाला कोणा वजिराच्या दाखल्याची गरज नव्हती.)

एकदा तो बीड जिल्ह्यातील आपल्या खोलीमित्राला घेऊन आला. तो मुलगा मनाने चांगला होता. म्हणाला, "आमच्याकडं दोस्ताला काळ्याच म्हणतेत, सर. गंमत असते."

"तुला काळ्या म्हणणाऱ्याला तू उलट काय म्हणतोस?"

"शिवी देतो," तो हसला.

"मग मेसमध्ये याने कोणाला उलट बोलावे?"

त्याचे हसू मावळले. पुढे इद्रिसच्या अर्जावर साक्षीदार म्हणून पहिली सही त्याचीच होती. जवळच्या माणसाने करायची मदत हीच. "मनावर घेऊ नकोस" असे सांगण्याऐवजी "मी तेथे होतो, मी ऐकले" असे म्हणावे.

तक्रारीने व्हिसा किंवा गुण धोक्यात येतील, ही इद्रिसची भीती समजण्यासारखी होती, परंतु तक्रार करणे हा व्हिसाच्या अटींचा भंग नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वर्ण, वंश, राष्ट्रीयत्व, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख किंवा दिसणे यांवरून केलेला मानसिक छळ, एखाद्याला वाळीत टाकणेही, रॅगिंगमध्येच मोडते. आणि ही व्याख्या केवळ नवागतांपुरती नाही. प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती असणे बंधनकारक आहे. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास चालते, तर केवळ मन मोकळे करायचे असल्यास १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी आहे.

समितीसमोर दोघांनी लेखी माफी मागितली, तिसऱ्याने मागितली नाही. इद्रिस पुन्हा मेसमध्ये जेवू लागला, मात्र वीज गेली की तो आजही सावध होतो, आणि ते स्वाभाविक आहे. असा अर्ज देणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: अर्ज तोंडी सांगून किंवा नुसता टेबलावर ठेवून येऊ नये, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि साक्षीदाराला सोबत न्यावे.