फॉइल म्हणजे खलनायक नव्हे, फॉइल म्हणजे डांक

इंदूरच्याच एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलंय: "फँटसीतल्या अनलाइकली हीरोंवर आणि त्यांच्या फॉइलवर मला मराठीत बोलायचंय, तर फॉइलला प्रतिनायक म्हणू की खलनायक? आणि अनलाइकली हीरोला असंभाव्य नायक चालेल का?"

नाही चालणार, तिन्हीपैकी एकही नाही. फॉइल म्हणजे ज्याच्यामुळे दुसऱ्या पात्राचे गुण उठून दिसतात ते पात्र, आणि अनलाइकली हीरो म्हणजे ज्याच्याकडून कुणी पराक्रमाची अपेक्षाच केलेली नसते तो नायक.

अगं बेटा, तुझ्यावर राग नाही, पण फॉइल म्हणजे "नायकाच्या विरुद्ध असतो तो, म्हणजेच व्हिलन" हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, शिकवणाऱ्यांच्याही, की आता अंगावर येतं. विरुद्ध असणं आणि विरोधात असणं ह्यात काही फरक आहे की नाही? काळ्या पाटीवर पांढरा खडू उठून दिसतो म्हणून पाटी काय खडूची वैरीण झाली?

डब्यातल्या पोळ्यांची फॉइल सगळ्यांना माहीत आहे, ती सोडू. तलवारीचीही आहे, ती नंतर. आधी आमच्या ओळखीच्या एका जाणत्या गृहस्थांनी पसरवलेला घोळ निस्तरते, कारण तुझ्यापर्यंत तोच पोचलेला दिसतोय. ते म्हणतात, इंग्रजीत टू फॉइल म्हणजे बेत हाणून पाडणं, म्हणून फॉइल म्हणजे नायकाचे बेत हाणून पाडणारा, आणि आपल्याकडचं "फोल ठरणं" तेही ह्याच घरातलं. क्रियापदाचा अर्थ बरोबर, पुढची दोन्ही चूक! हाणून पाडणारं क्रियापद जुन्या फ्रेंचमधल्या तुडवणं ह्या अर्थाच्या शब्दातनं आलंय, त्याचा आणि ह्या नामाचा काडीचा संबंध नाही. आणि फोल आपलं आहे, दाणा नसलेलं टरफल, ज्याचं फोलपट होतं ते. उच्चार जुळला की नातं जोडायचं ही सवय फार वाईट, आणि कोणी दुरुस्त केलं की "आम्ही चाळीस वर्षं शिकवतोय" म्हणणं त्याहून वाईट. चाळीस वर्षं चूक शिकवली तर ती चाळीस वर्षांची चूक झाली, बरोबर नाही झाली.

आता खरी गंमत. हे नाम लॅटिनमधल्या फोलियम ह्या शब्दापासून आलंय आणि फोलियम म्हणजे झाडाचं पान. पानावरून धातूचा पातळ पत्रा. आता मराठीत बघ, संस्कृत पत्र म्हणजे पानच नं, त्यातनं आपला पत्रा आला, छपरावरचा, डब्याचा. पत्रावळ त्यातलीच, सुरीचं पातं त्यातलंच, आणि मी आत्ता जो "पातळ" म्हटला तोही प्राकृतातल्या पत्तल ह्या शब्दावरून, म्हणजे मुळात पानासारखा तो पातळ. तिसरं बघ, काजूकतलीवरचा वर्ख. अरबीत वरक म्हणजे पान! लॅटिन, संस्कृत, अरबी, तिघींनी आपापल्या जागी झाडाचं पान उचललं आणि त्याला चांदी-तांब्याच्या पत्र्यावर नेऊन बसवलं. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी इथल्या सराफा बाजारातच होते, मावा-बाटी घेत होते, आणि खरं सांगते, हातातला द्रोण तसाच राहिला, कारण तो द्रोणसुद्धा पानांचाच.

सराफा म्हटलं की बाहेरचे लोक फक्त रात्रीचा खाऊ म्हणतात. पण दिवसा तिथं सोन्याचांदीची दुकानं असतात आणि तुझा शब्द त्या दिवसाच्या सराफ्यात आहे.

माझ्या आजीची एक जडावाची अंगठी आहे, मधोमध लाल नग. आजी ती घालूनच भांडी घासायची, त्यामुळे पुढे नग अगदी मंद झाला, वाळलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. आम्ही समजलो दगडच खोटा. मी ती घेऊन सराफ्यात एका म्हाताऱ्या जडियाकडे, म्हणजे नग बसवणाऱ्याकडे गेले. त्यानं नगाच्या कडेचं सोनं टोकदार सळईनं हळूहळू मागं सारलं, नग उचलून बाजूला कागदावर ठेवला आणि अंगठी माझ्यासमोर धरली. खालच्या खड्ड्यात नखाएवढा एक तुकडा, काळाकुट्ट. "बाईजी, नग में कोई खोट नहीं है, डांक काली पड़ गई है." पाणी आत गेलेलं. त्यानं तो काळा तुकडा खरवडून काढला, घोटून चकचकीत केलेल्या चांदीच्या पातळ पत्र्यातून नवा तुकडा कापला, खड्ड्यात बसवला, वर तोच नग ठेवला, आणि नग पेटला. दगड तोच होता गं, फक्त खालचं पान बदललं.

त्या पानाला सराफ्यात डांक म्हणतात आणि नेमकी तीच वस्तू म्हणजे फॉइल. नगाच्या पाठीमागून उजेड आत येऊ शकत नाही अशी बंद बैठक असली की खाली चकचकीत पत्रा ठेवायचा, म्हणजे वरून आलेला उजेड त्यावर आपटून नगातनं परत बाहेर येतो. कुंदनकामात आजही हेच करतात. युरोपातही बंद पाठीच्या दागिन्यांत हेच करायचे, तिथल्या सोनारांच्या हातातनं हा शब्द नाटकात गेला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या पाचव्या अंकात, द्वंद्व सुरू व्हायच्या आधी, हॅम्लेट लेअर्टिसला म्हणतो की मी तुझी फॉइल होईन, माझ्या अडाणीपणावर तुझं कसब अंधाऱ्या रात्रीतल्या ताऱ्यासारखं झळकेल. त्याच्या आधीच्याच वाक्यात त्यानं तलवारी मागितलेल्या असतात, त्यांनाही फॉइलच म्हणतात, म्हणून श्लेष. आणि हे तो कुणाला म्हणतोय? ज्याचा बाप मारला गेलाय आणि ज्याला सूड हवाय अशा मुलाला. हॅम्लेटचीही गोष्ट तीच नं! लेअर्टिस सूड घ्यायला धावत सुटतो, म्हणून तर हॅम्लेटचं थांबणं, घुटमळणं आपल्याला दिसतं. डांक खाली आहे म्हणून नग दिसतो.

तर माझं म्हणणं, फॉइलला मराठीत सरळ डांक म्हणा. पुण्याकडच्या लोकांना तो पोस्टाची डाक वाटेल किंवा सोनाराचा सांधायचा डाख वाटेल, म्हणून अनुस्वार ठेवा आणि स्त्रीलिंगी ठेवा, ती डांक. काही जण म्हणतील हा हिंदीचा शब्द. मला हे अजिबात मान्य नाही. होळकरांच्या ह्या गावात मराठी बायका पिढ्यान्‌पिढ्या सराफ्यात जाऊन डांक बदलून आणतायत आणि घरी येऊन मराठीतच "डांक बदलली" सांगतायत, तो शब्द मराठी नाही तर कुणाचा? कोणी "प्रतिच्छाया" सुचवतं, ती तर सावली झाली, सावली नगाला चमकवते का कधी? वर्खही नको. वर्ख वरून लागतो, बर्फी शिळी असली तरी झाकतो. डांक खाली असते, कुणाला दिसत नाही, आणि चांगल्या लेखकाची डांकसुद्धा अशीच दिसत नाही.

प्रतिनायक का नाही ते सांगते, आणि इथं जरा वेळ घेणार, कारण हा शब्द आपल्या घरचा आहे. दशरूपक हा नाट्यशास्त्रावरचा ग्रंथ लिहिणारा धनंजय दहाव्या शतकातला, परमार राजा मुंजाच्या दरबारातला, म्हणजे आपल्या माळव्यातला. इथून बसमध्ये बसलीस तर दोनेक तासांत धारला पोचशील, मुंजाच्या नावाचा तलाव आहे तिथं. त्या धनंजयानं प्रतिनायकाची व्याख्या स्वच्छ करून ठेवलीय: लोभी, धीरोद्धत (म्हणजे गर्विष्ठ, भडक माथ्याचा), ताठर, पापी, व्यसनी असा शत्रू. रामाचा रावण, युधिष्ठिराचा दुर्योधन. शत्रू हा शब्दच घातलाय त्यानं. तेव्हा प्रतिनायक हा व्हिलनसाठी राखीव आहे, तो फॉइललाही लावायचा नाही आणि आजकाल अँटीहीरोला, म्हणजे नायकाचे गुण नसलेल्या नायकाला, लावतात तसाही लावायचा नाही. हजार वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या माणसानं नीट बसवलेला शब्द आपण असा उखडून भलत्याच बैठकीत बसवतो ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि त्याच धनंजयाकडे तुझ्या कामाचा आणखी एक शब्द आहे, पीठमर्द. नायकाचा चतुर, भक्त अनुचर, गुणांनी त्याच्यापेक्षा किंचित उणा, ज्याचं उपकथानक लांबवर चालतं, रामाचा सुग्रीव तसा. आता टोल्किनच्या "लॉर्ड ऑफ द रिंग्ज"मध्ये मोहात पाडणारी दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला पिटुकला फ्रोडो आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चालणारा सॅम आठव. सॅमला सगळे फॉइल म्हणतात. मला तो पीठमर्द वाटतो, अगदी लक्षणासकट, फक्त त्या "किंचित उणा" वर मी धनंजयाशी भांडेन, कारण शेवटच्या चढणीवर फ्रोडोला पाठीवर कोण घेतं? सॅमच नं!

फ्रोडोची डांक दुसरीच आहे. 1954-55 मध्ये आलेल्या त्या तीन खंडांत नायक म्हणून शोभेल असा माणूस कोण? बोरोमीर. उंचापुरा, शूर, कमरेला शिंग, राज्यकारभाऱ्याचा थोरला लाडका मुलगा. जुन्या कुठल्याही पोवाड्यात अंगठी घेऊन तोच निघाला असता. आणि तोच अंगठीवर झडप घालतो. त्याच्या ताकदीखाली फ्रोडोचं ते छोटंसं, घाबरलेलं "मी नेतो" झळकतं. तुझ्या विषयाचं मर्म मला इथं दिसतं. ह्या गोष्टींत लेखकानं उलटं केलंय: नायकासारखा दिसणारा खाली डांक म्हणून घातलाय आणि ज्याच्याकडे कोणी बघितलं नसतं तो नग म्हणून वर बसवलाय. बोरोमीरचा धाकटा भाऊ फारामीर, बापाचा नावडता, तो म्हणतो अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. एकाच बापाचे दोन मुलगे, आणि बोरोमीर फ्रोडो नि फारामीर दोघांखाली डांक. गोलमची गोष्ट निराळी. तो फ्रोडोच्याच जातकुळीचा, त्यानंही तीच अंगठी बाळगली, तेव्हा तो फ्रोडोची काळी पडलेली डांक. आणि शेवटी फ्रोडो अंगठी टाकतच नाही गं, गोलम त्याचं बोट चावून घेतो आणि अंगठीसकट खाली जातो. म्हणजे काम डांकेनं केलं.

हॅरी पॉटरमध्ये सगळे ड्रेको मालफॉयकडे बोट दाखवतात. तो आहेच, घराण्याची मिजास, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मला हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल जास्त मोलाचा वाटतो. जुलैच्या अखेरीस जन्मलेला मुलगा खलनायक व्होल्डेमॉर्टला हरवू शकेल ही भविष्यवाणी त्यालाही लागू होती, त्याचा वाढदिवस हॅरीच्या आदल्याच दिवशी. विसरभोळा, बेडूक हरवणारा, सुरुवातीला हॅरीच्या धिटाईखाली डांक म्हणूनच ठेवलाय. आणि शेवटी जादूच्या टोपीतनं तलवार काढून व्होल्डेमॉर्टचा साप तोच मारतो. जडियानं खड्ड्यातनं डांक उचलली आणि तीच नग निघाली, असं सराफ्यात होत नाही, पुस्तकातच होतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, तो राहूनच जात होता. "असंभाव्य नायक" हे तर पावसाचं भाकीत वाटतं. गल्लीत लपाछपी खेळताना ज्या पिटुकल्याला खेळात घ्यायचं पण त्याच्यावर राज्य यायचं नाही, त्याला आपण काय म्हणायचो? लिंबूटिंबू! टोल्किनच्याच "हॉबिट"मधला बिल्बो, फ्रोडो, नेव्हिल, सगळे लिंबूटिंबू. त्यांच्यावर कुणी राज्यच देत नाही आणि एक दिवस राज्य त्यांच्यावरच येतं. बोलताना "लिंबूटिंबू नायक" म्हण, समोरच्या प्रत्येक मराठी माणसाला एका क्षणात कळेल.

आणि उदाहरणं परदेशातलीच कशाला? श्रावणातली शिवामुठीची कहाणी घे. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला. ती महादेवाला मूठमूठ धान्य वाहते आणि तिचं देऊळ सोन्याचं होतं, रत्नजडित खांबांचं. तीन आवडत्यांना नावं नाहीत, त्या कहाणीत वाईट असं काही करतही नाहीत, फक्त आवडत्या असतात. त्यांना खलनायिका म्हणशील का तू? नाही नं! त्या तीन डांका आहेत, नावडतीच्या खाली ठेवलेल्या, आणि ही कहाणी माझ्या आजीच्या आजीलाही पाठ होती, हॉबिट 1937 साली छापला जायच्या कितीतरी आधी.

भाषणाच्या आधी एकदा सराफ्यात ये, दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागायच्या आत, आणि जडियाला डांक दाखवा म्हण. आजीची अंगठी मी घालूनच येईन, तीही बघ.