टायरमध्ये सिलिका घातल्याने तो लवकर झिजतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारचे टायर बदलायला गेलात तेव्हा दुकानदार म्हणाला, "हल्ली टायरमध्ये खरं रबर उरलंच नाही, सगळं सिंथेटिक. त्यात कंपन्या स्वस्तात सिलिका भरतात, म्हणून टायर टिकत नाहीत." हे खरं का, आणि सिलिकावाला टायर घ्यावा का?

मी टायर उद्योगात कंपाउंडिंगचं काम करतो. रबरात काय, किती आणि कुठल्या क्रमाने मिसळायचं, हे ठरवणं म्हणजे कंपाउंडिंग. आधी थेट उत्तर देतो. सिलिका (वाळूतल्याच पदार्थाची बारीक पांढरी पूड) घातलेला चांगल्या बनावटीचा ट्रेड, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा थर, कारसाठी खुशाल घ्या, पावसाळ्यात गाडी चालवत असाल तर आवर्जून घ्या. आणि सिलिका स्वस्त म्हणून भरतात हे तर साफ चूक. सिलिका, तिला रबराशी जोडणारं सायलेन नावाचं रसायन आणि मिक्सिंगचा वाढीव वेळ असा सगळा हिशेब केला, तर ती कार्बन ब्लॅकपेक्षा, म्हणजे टायर काळा करणाऱ्या काजळीसारख्या पुडीपेक्षा, महाग पडते.

आता "खरं रबर उरलं नाही" याबद्दल. टायर एकाच रबराचा नसतो. कारच्या टायरच्या वजनात ढोबळमानाने पाचवा हिस्सा नैसर्गिक रबर असतं, त्याहून थोडं जास्त सिंथेटिक, पाव हिस्सा फिलर (रबराला ताकद देणारी कार्बन ब्लॅक किंवा सिलिकेसारखी पूड), आणि उरलेल्यात स्टील, कापड, तेल, गंधक वगैरे. साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, नैसर्गिक रबर आणि पॉलीब्युटाडाइन हे सिंथेटिक रबर साधारण निम्मं निम्मं असतं, कारण ती सतत वाकते आणि तिला भेगा पडून चालत नाही. स्टीलच्या तारांभोवतीचं रबर जवळपास पूर्ण नैसर्गिक. आतलं अस्तर ब्यूटाइल जातीचं, कारण त्यातून हवा फार सावकाश झिरपते. रस्त्याला टेकणारा ट्रेड मात्र कारमध्ये मुख्यतः एसबीआरचा, म्हणजे स्टायरिन आणि ब्युटाडाइन यांच्या रबराचा, आणि झीज कमी व्हावी म्हणून त्यात थोडं पॉलीब्युटाडाइन. ट्रकमध्ये चित्र उलटं: तिथे नैसर्गिक रबर सिंथेटिकच्या कितीतरी पुढे असतं. विमानाचे टायर तर जवळजवळ सगळे नैसर्गिक रबराचेच.

सिंथेटिक म्हणजे दुय्यम, हा समज बहुधा युद्धकाळापासून चालत आला असावा. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला, अमेरिकेचा रबराचा पुरवठा तुटला आणि एसबीआरचे कारखाने घाईघाईने उभे राहिले. त्या रबराचे मोठे टायर फार तापत, हे खरंच होतं. पण आज कारच्या ट्रेडमध्ये वापरतात ते सोल्युशन एसबीआर वेगळं. त्यात स्टायरिन किती, ब्युटाडाइन साखळीत कशा प्रकारे जोडलं जावं, हे सगळं बनवतानाच ठरवता येतं. झाड आपल्याला ही मुभा देत नाही. (जाता जाता: आपल्याकडे बरेलीला १९६० च्या दशकात एसबीआरचा कारखाना निघाला, तेव्हा त्यातलं ब्युटाडाइन उसाच्या मळीपासूनच्या अल्कोहोलातून काढत. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.)

खरा जीव आहे तो फिलरच्या गोष्टीत.

फिलर न घालता नुसतं गंधक घालून शिजवलेलं एसबीआर दोन-तीन मेगापास्कल ताणाला तुटतं. त्यातच शंभर भाग रबराला पन्नास भाग चांगला कार्बन ब्लॅक घाला, की तेच २० च्या पुढे जातं. म्हणजे ताकद जवळपास दसपट. पूर्वी टायर फिके, पांढुरके असत, त्यात झिंक ऑक्साइड घालत. १९०४ मध्ये लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊनच्या कारखान्यात एस. सी. मोट यांना कार्बन ब्लॅकचा हा गुण सापडला, आणि पुढच्या दशकात टायर काळे होत गेले. कणांचा आकार इथे सगळं ठरवतो. ट्रेडसाठीच्या एन-३३० किंवा एन-२२० या जातींच्या ब्लॅकचे मूळ कण ३० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात, साइडवॉल आणि आतल्या भागांसाठी एन-६६० सारखे जाडे कण चालतात.

मग चांगलं चाललेलं असताना सिलिका कशाला? कारण ट्रेडकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. चाक फिरताना ट्रेडचा प्रत्येक भाग दर फेरीला एकदा दबतो, ८० च्या वेगाला सेकंदाला साधारण १२ वेळा. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. कारच्या इंधनातला अंदाजे पाचवा हिस्सा या रोलिंग रेझिस्टन्समध्ये जातो, म्हणून इथे रबराने ऊर्जा कमीत कमी खावी. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की खडीचे बारीक उंचवटे रबराला सेकंदाला हजारो-लाखो वेळा डिवचतात, आणि तिथे रबराने ऊर्जा भरपूर खाल्ली तरच पकड मिळते. प्रयोगशाळेत आम्ही रबराची छोटी पट्टी पकडून हलवतो आणि ती किती ऊर्जा गिळते ते वेगवेगळ्या तापमानाला मोजतो. ६० अंशांचा आकडा रोलिंग रेझिस्टन्सचा अंदाज देतो, शून्य अंशाचा आकडा ओल्या पकडीचा. पहिला कमी हवा, दुसरा जास्त.

कार्बन ब्लॅकचे कण रबरात आपसात जाळं करतात. रबर दबलं की हे जाळं तुटतं, सुटलं की पुन्हा जुळतं, आणि त्या घर्षणात उष्णता निघते. ताण वाढवला की जाळं तुटून रबर एकदम मऊ पडतं, याला पेन इफेक्ट म्हणतात. सिलिकेचं जाळं तर याहून घट्ट. तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, ते रबराला जवळ करत नाहीत, एकमेकांनाच धरून बसतात. नुसती सिलिका रबरात टाकली तर न भाजलेल्या रव्याच्या उपम्यासारख्या गुठळ्या होतात. अशा रबराचा टायर खरोखरच भराभर झिजेल.

म्हणून सायलेन लागतं. त्याचं एक टोक सिलिकेला चिकटतं, दुसऱ्या टोकाला गंधक असतं, ते शिजताना रबराच्या साखळीला जोडलं जातं. कण रबराला बांधला गेला, की जाळं ढिलं होतं आणि ६० अंशांना वाया जाणारी ऊर्जा घटते, पण ओली पकड मात्र टिकते, उलट सुधारते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने याच वाटेने 'ग्रीन टायर' आणला, रोलां रोलीन यांचं पेटंट त्याच्या मुळाशी आहे.

कागदावर हे सोपं दिसतं, मिक्सरमध्ये तसं नाही. सायलेनची सिलिकेशी प्रक्रिया मिक्सिंग चालू असतानाच व्हावी लागते. साधारण १४० ते १५५ अंशांत बॅच काही मिनिटं धरून ठेवायची. त्यात अल्कोहोल सुटतं, मिक्सरजवळ उभं राहिलं की स्पिरिटचा वास येतो. तापमान कमी पडलं तर सायलेन तसंच राहतं, १६० च्या वर गेलं तर त्यातलंच गंधक रबराला तिथेच शिजवू लागतं आणि बॅच दाणेदार होऊन फुकट जाते. पावसाळ्यात सिलिका ओल धरते, तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. आम्ही नीट मिक्स झालेली आणि न झालेली बॅच पेन इफेक्टवरून ओळखतो: लहान ताणाला रबर फारच ताठ लागलं, तर आत गुठळ्या आहेत.

तेव्हा दुकानदाराने वाईट सिलिका ट्रेड पाहिलेही असतील. पण दोष सिलिकेचा नसतो, कामाचा असतो. नीट केलेला सिलिका ट्रेड झिजेत कार्बन ब्लॅकच्या बरोबरीने चालतो. अजून एक कारण संभवतं. नव्या गाडीसोबत येणारे काही टायर इंधन वाचावं म्हणून कमी खोल ट्रेडचे असतात. ते लवकर संपतात, पण त्याला मूळचे मिलिमीटरच कमी, हे कारण आहे.

ट्रकच्या टायरमधल्या सिलिकेबद्दल मात्र दुकानदार बराचसा बरोबर ठरेल. नैसर्गिक रबरातली प्रथिनं वगैरे सायलेनच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे जड वाहनांच्या ट्रेडमध्ये अजून कार्बन ब्लॅकचंच राज्य आहे.

एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. सिलिका वीज वाहून नेत नाही, त्यामुळे गाडीवर साठलेल्या स्थिर विजेला जमिनीत जायला वाट लागते. म्हणून बऱ्याच सिलिका टायरच्या ट्रेडमध्ये कार्बन ब्लॅकच्या रबराची एक बारीक पट्टी गोलाकार घातलेली असते. नव्या टायरवर नीट पाहिलंत तर तिची रेघ दिसते. बाकी ट्रेडही काळाच असतो, कारण रंगासाठी आणि उन्हापासून बचावासाठी थोडा ब्लॅक त्यातही घालतात.

संशोधनातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी दिशा म्हणजे भाताच्या तुसाच्या राखेतली सिलिका. त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते, आणि गुडइयरने अशी सिलिका टायरमध्ये वापरलीही आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमागे या राखेचे ढीग असतात. हा कच्चा माल आपल्या दारात आहे, त्यावर आपल्याकडे अधिक काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

खरेदीपुरतं सांगायचं तर 'सिलिका' या शब्दावर जाऊ नका, तो कोणीही छापतो. त्याच मॉडेलचं आणि त्याच मापाचं युरोपियन लेबल इंटरनेटवर मिळालं तर ओल्या पकडीची श्रेणी बघा, ए किंवा बी असेल तर उत्तम. ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टार लेबल रोलिंग रेझिस्टन्सबद्दल सांगतं, पावसातल्या पकडीबद्दल नाही. बनावटीचा आठवडा आणि वर्ष साइडवॉलवर चार अंकांत असतं, तेही वाचा.

आणि जुना टायर टाकून दिला नसेल तर तो कुठे झिजलाय ते बघा. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडांना झिजला असेल तर कमी, एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे. तसा फोटो आणि टायरचं माप इथे खाली टाकलंत, तर पुढचं नेमकं सांगता येईल.