फुटलेला टायर जपून ठेवा, जुनी चाकं घाईने परत लावू नका

प्रश्न : माझ्या दोन दारी स्पोर्ट्स कारला कंपनीकडून २२५/४५ आर १७ टायर आले होते. आठ महिन्यांपूर्वी मी १९ इंची अलॉय आणि २४५/३५ आर १९ टायर बसवून घेतले. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी २३५/३५ आर १९ देते, म्हणून चालेल असं वाटलं. तीन महिन्यांपूर्वी पॉलिसीचं ऑनलाइन नूतनीकरण केलं. गेल्या महिन्यात खड्ड्यात आदळून पुढचा डावा टायर फुटला, गाडी दुभाजकावर गेली आणि कडेला उभ्या असलेल्या एका स्कूटरचं नुकसान झालं. जखमी कोणी नाही. विमा कंपनीने ‘अनधिकृत बदल’ एवढंच कारण देऊन क्लेम नाकारला. ५,००० रुपयांचं चलानही आलं आहे. स्कूटरचे मालक भरपाई लेखी कबूल करा म्हणतात. गॅरेजवाला म्हणतो, जुनी १७ इंची चाकं लावू आणि फेरसर्व्हे मागू. मी काय करू? आणि यापुढे कुठला साइज लावू?

उत्तर : सर्वात आधी गॅरेजवाल्याला थांबवा. चाकं बदलून फेरसर्व्हे मागितला, तर आज जो विम्याचा वाद आहे तो उद्या फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८). पहिल्या सर्व्हेअरने चाकांचे फोटो काढलेले आहेत. ते फोटो आणि बदललेली चाकं समोरासमोर आली की तुमच्या बाजूचं सगळं खरं म्हणणंही खोटं वाटायला लागेल. तुमची बाजू तशी कमकुवत नाही, म्हणूनच हे इतक्या कळकळीने सांगतो आहे.

फुटलेला टायर आणि वाकलेला रिम ताब्यात घ्या. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात टायर आधीच भंगारात गेला होता. विमा कंपनी म्हणाली, टायर झिजलेला होता. आमच्याकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं आणि आम्ही हरलो. तुमच्या टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, बरंच काही लिहिलेलं आहे, त्याचे जवळून फोटो काढा : साइज, त्यापुढचा भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर, आयएसआय खूण (प्रवासी गाड्यांच्या टायरचं मानक आयएस १५६३३), आणि डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे. हे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. मग खाचांची खोली मोजून घ्या. मोटारीला किमान १.६ मिलिमीटर लागते. त्याहून जास्त असेल तर ‘झिजलेला टायर’ हा मुद्दा तिथेच संपतो.

आता मूळ प्रश्न. टायर मोठा केला म्हणजे कायदा मोडला का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं, आणि त्यानंतर आरटीओ आणि विमा कंपन्या या निकालाकडे बोट दाखवतात. पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ या शब्दाची व्याख्या आहे : गाडीच्या रचनेत असा फेरफार, ज्याने तिचं मूलभूत स्वरूप बदलतं. खासगी गाडीच्या आरसीवर टायरचा साइज बहुधा छापलेलाच नसतो. तुमची आरसी काढून बघा. साइज नसेल, तर आरसीवरचा कुठला तपशील विसंगत झाला, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. छत कापणं, इंजिन बदलणं आणि रिमचा व्यास दोन इंचांनी वाढवणं या गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. हा मुद्दा न्यायालयात मांडण्याइतका भक्कम आहे. मात्र तो हमखास चालेल असं मी म्हणणार नाही.

तुमच्या पत्रातलं खरं बळ त्या एका वाक्यात आहे, की वरच्या व्हेरियंटला कंपनीच २३५/३५ आर १९ देते. विमा कंपनी असं म्हणणार : साइडवॉल पातळ केली, म्हणून खड्ड्याचा मार टायरला सोसला नाही. हिशेब करून बघा. साइजमधला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि ‘आर’नंतरचा रिमचा व्यास इंचांत. तुमच्या मूळ टायरची साइडवॉल २२५ च्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. नव्या टायरची २४५ च्या ३५ टक्के, म्हणजे सुमारे ८६. पंधरा मिलिमीटर कमी झाली, हे खरं आहे आणि ते नाकारू नका. पण कंपनीच्या स्वतःच्या २३५/३५ टायरची साइडवॉल सुमारे ८२ आहे, तुमच्यापेक्षाही पातळ. तुमची साइडवॉल धोकादायक असेल, तर उत्पादकाने मंजूर करून विकलेली त्याहून पातळ कशी चालते? त्या व्हेरियंटच्या मालकपुस्तिकेतलं टायरचं पान आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो मिळवा. तुमच्या फाइलमधला सर्वात मोलाचा कागद तोच असेल.

भारक्षमताही बघा. मूळ टायरवर ९१ लिहिलेलं असेल तर एका टायरची क्षमता ६१५ किलो. नव्यावर ९३ असेल तर ६५० किलो. म्हणजे क्षमता कमी झालेली नाही, कागदावर तर वाढली आहे. ‘कागदावर’ म्हणालो, कारण इथे तज्ज्ञ एक अडचणीचा प्रश्न विचारतील. बारीक साइडवॉलचे बरेच टायर जादा भाराचे असतात आणि पूर्ण क्षमता मिळायला त्यांना जास्त हवा लागते. तुम्ही जुन्या १७ इंचीइतकीच हवा भरत राहिला असाल, तर ६५० किलोचा आधार घेता येणार नाही. हवा कधी आणि किती भरली, याची काही नोंद किंवा पावती असेल तर शोधा. काही नसेल तर तसं खरं सांगा.

आणखी एक दुबळी जागा, ती आधीच सांगून ठेवतो. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला बसणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. मूळ रिम ७.५ जे (रुंदी इंचांत), ईटी ४५ (ऑफसेट मिलिमीटरमध्ये) असेल आणि नवा ८.५ जे, ईटी ३५ असेल, तर रिम अर्ध्या इंचाने बाहेर रुंदावतो आणि शिवाय १० मिलिमीटर बाहेर सरकतो. म्हणजे बाहेरची कड जवळपास २३ मिलिमीटर पुढे जाते. खड्ड्यात चाक आदळलं की स्टिअरिंगवर येणारा झटका याने वाढतो, आणि चाक मडगार्डच्या आतल्या कडेला घासण्याची शक्यताही. तुमच्या रिमच्या आतल्या बाजूला हे आकडे कोरलेले असतात. विमा कंपनीचा तज्ज्ञ ते वाचेल, तेव्हा आधी तुम्ही वाचा. घासल्याच्या खुणा असतील तर मला भेटण्याआधी काहीही पुसू नका, रंगवू नका.

आता नामंजुरीचं पत्र. त्यात फक्त ‘अनधिकृत बदल’ लिहिलं आहे, हे तुमच्या फायद्याचं आहे. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (२०१९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पत्रात न दिलेलं कारण विमा कंपनीला नंतर सुनावणीत उभं करता येत नाही. म्हणून ‘टायर झिजला होता’ किंवा ‘वेगात होता’ असं उद्या निघालं, तर हा निकाल पुढे ठेवता येतो. सर्व्हेअरचा अहवालही लेखी मागा. तो महत्त्वाचा असतो, पण शेवटचा शब्द नसतो, असं न्यायालयाने २००९ मध्येच म्हटलेलं आहे.

तुमची सर्वात मोठी जोखीम मात्र टायरमध्ये नाही, नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये आहे. चाकं आठ महिन्यांपूर्वी बदलली, नूतनीकरण तीन महिन्यांपूर्वी झालं. म्हणजे फॉर्म भरताना १९ इंची चाकं गाडीवरच होती. ‘गाडीत काही बदल केले आहेत का’ असा प्रश्न त्यात होता का आणि तुम्ही किंवा एजंटने काय निवडलं? भरलेल्या फॉर्मची प्रत कंपनीकडून लेखी मागा. प्रश्नच नव्हता तर तुमची बाजू चांगलीच भक्कम होते. प्रश्न होता आणि उत्तर ‘नाही’ गेलं असेल, तर सगळा क्लेम मिळणं अवघड आहे. तेव्हा अंशतः भरपाईची मागणी करायची. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असताना ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका प्रकरणात मान्य केलेला आहे. काहीही झालं तरी जाहीर न केलेल्या अलॉयची किंमत मिळेल असं धरू नका. टायरचं नुकसानही प्रमाणित पॉलिसीत गाडीचं त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच, आणि तेही बदलीच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंतच मिळतं.

स्कूटरच्या मालकांना लेखी काही कबूल करू नका. प्रमाणित पॉलिसीची अट आहे, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत. त्यांची मागणी कंपनीला कळवा. तुमच्या गाडीचा क्लेम नाकारला म्हणून तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे स्कूटरच्या, नुकसानीची कंपनीची जबाबदारी आपोआप सुटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला घेता येणारे बचाव मोजकेच आहेत आणि टायरचा साइज त्यांत नाही. महत्त्वाची माहिती लपवली, हा बचाव मात्र आहे. पुन्हा तोच फॉर्म.

चलान त्याच कायद्याच्या कलम १८२ए(४) खालचं असणार. त्यात प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एरवी मी म्हणालो असतो, भरून टाका. पण क्लेमचा वाद उभा असताना निमूटपणे भरलेलं चलान विमा कंपनी कबुली म्हणून दाखवेल. चलानावरचं कलम आणि मजकूर आधी वाचा, आणि आरसीवर साइज नसेल तर न्यायालयात हरकत नोंदवा.

वाटा दोन आहेत. कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहून महिनाभर उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एका वर्षात जावं लागतं. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथे मुदत दोन वर्षांची आहे आणि तुम्ही राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. तक्रार आयोगात असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाहीत. तुमच्या प्रकरणात रिमचं माप, हवेचा दाब, तज्ज्ञाचं मत असं बरंच तपासावं लागणार. त्यामुळे फॉर्म स्वच्छ निघाला तर आधी लोकपाल, नाही तर थेट आयोग, असं मी करीन.

राहिला पुढचा साइज. निकाल लागेपर्यंत हीच चाकं गाडीवर असू द्या, पण गाडी बाहेर काढू नका. नंतर माझं मत विचाराल तर २२५/४० आर १८ घ्या. त्याचा एकूण व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर येतो. मूळ टायरचा ६३४ आहे, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. तुमच्या २४५/३५ चा ६५४ आहे, ३ टक्क्यांनी जास्त. म्हणजे काट्यावर १०० दिसताना गाडी आधीपेक्षा तीन किलोमीटर जास्त वेगाने धावत होती. १९ इंचच हवं असेल तर कंपनीचा २३५/३५ घ्या, रिमची रुंदी आणि ऑफसेट वरच्या व्हेरियंटचाच ठेवा, भाराचा आकडा मूळपेक्षा कमी नको आणि हबचं छिद्र रिंग न लावता बसायला हवं. त्या व्हेरियंटचं सस्पेन्शन वेगळं आहे का, हे अधिकृत सेवाकेंद्राकडून लेखी विचारा. मग चाकं बसवण्याआधी विमा कंपनीला साइज, रिमची किंमत आणि बिलासह ईमेल करा. पॉलिसीवर त्याची एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद, आली की मगच गाडी रस्त्यावर काढा.