डिसेंबरअखेर महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर गोठलेलं दव बघायचंय. सोबत सत्तरीचे बाबा आणि पाच वर्षांची मुलगी. कधी जावं, काय जपावं?

आधी वेळेचं सांगतो, बरेच जण तिथेच फसतात. नाश्ता उरकून नऊला पोचलात तर फक्त गर्दी दिसेल. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि ऊन लागलं की बघता बघता सगळ्याचं पाणी होतं. साडेसहाला तिथे हजर राहा. तेही आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तरच. ढग असतील तर खुशाल झोपा. रात्री जड, गार हवा तलावाच्या खोलगटात उतरून साचते. म्हणून बाजारपेठेत नुसता स्वेटर पुरतो आणि लेकवर दात वाजतात. बाबांचे कपडे लेकच्या हिशोबाने घ्या, कानटोपी आणि मोजे धरून.

जेट्टीवर मात्र जपून. फळ्यांवर मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर असतो, ऊन येईपर्यंत तो काचेसारखा निसरडा. मी साताऱ्याचा, मला काय कोण सांगणार, म्हणून कोल्हापुरी घालून गेलो आणि चारचौघांत सपशेल आडवा झालो. कोपर आठवडाभर काळंनिळं. पकड असलेले बूट घाला, मुलीचा हात सोडू नका, आणि तिला घोड्यांच्या मागून नेऊ नका.

आपल्या गाडीच्या टपावरचे हिमकण खरवडा, मुलीला मजा येईल. पण लिंगमळ्याकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत फोटोसाठी घुसू नका. वाफ्यावर अंथरलेला मल्चिंगचा कागद पाय पडला की फाटतो. शिवाय आपण ज्या गोठलेल्या दवाचे कौतुकाने फोटो काढतो, त्यानेच त्या शेतकऱ्याची फुलं करपतात. त्या सकाळी तो आधीच वैतागलेला असतो. विचारून बांधावर उभे राहा, जाताना किलोभर स्ट्रॉबेरी घ्या.

हा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या नळाला आजही इथलंच पाणी जातं. कणीस खाऊन बुरकुंड पाण्यात भिरकावणाऱ्यांना हे ठाऊक नसावं. माकडांनाही काही देऊ नका, नाहीतर ती पुढच्या माणसाच्या हातातली पिशवी ओढतात.

एक गोष्ट लोक हसण्यावारी नेतात: मुक्कामाच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर खिडकी उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

साताऱ्याहून येत असाल तर मेढा-केळघरमार्गे या, वाई-पाचगणीमधल्या पसरणी घाटातल्या गाड्यांच्या रांगेतून सुटाल. घाट अंधारात चढावा लागेल, धुकं लागलं तर दिवे डिपरवर ठेवा. आणि जमलं तर ३१ डिसेंबरच्या आसपासचे दिवस सोडून जानेवारीतला मधला वार धरा. थंडी तेव्हाही असते, आणि पार्किंग मिळतं.