आमदाराच्या ऑफिसात नवख्या पोराला नेमकं काय काम असतं?

बाहेरून वाटतं, सभागृहातलं भाषण लिहून द्यायचं. ते फार नंतर. सुरुवात होते लेटरहेडपासून. बदली, दाखला, हॉस्पिटलचं बिल, शाळेतला प्रवेश: सगळ्यांना साहेबांचं पत्र हवं असतं. पत्र टाईप करा, सही घ्या, मंत्रालयात नेऊन द्या. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तो नंबर नसेल तर आठवड्याने ‘पत्र मिळालंच नाही’ असं ऐकायची तयारी ठेवा. फाईल कोणत्या टेबलावर अडकली हे साहेबापेक्षा तिथल्या शिपायाला आधी कळतं, त्यामुळे ओळख वाढवायची ती तिथे.

अधिवेशनात काम बदलतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), औचित्याचा मुद्दा (अध्यक्षांच्या परवानगीने मांडायचा महत्त्वाचा विषय) यांचे मसुदे करायचे आणि मुदतीत विधानभवनात द्यायचे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ते उपप्रश्न आदल्या रात्री तुम्हीच काढून ठेवायचे. विधानसभेत २८८ आमदार, सगळ्यांना प्रश्न लावायचे असतात, त्यामुळे नंबर लागेलच असं नाही. हिवाळी अधिवेशन नागपुरात, म्हणजे डिसेंबरात बाडबिस्तरा घेऊन आमदार निवास! मतदारसंघातून आलेल्यांचे पास, चहा, झोपायची सोय, तेही तुमच्याच गळ्यात.

पगार? नेमणूक कागदावर आहे की नुसती तोंडी, हे पहिल्याच दिवशी विचारा. अनेक पोरं ‘बघू पुढे’वर वर्षं काढतात.