एम.फिल. बंद झाल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कसं व्हायचं?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर चाचण्या आणि थेरपीने काम करणारा मानसशास्त्रज्ञ, होण्याचा नेहमीचा मार्ग एम.ए.नंतरची दोन वर्षांची एम.फिल. हा होता. नव्या शैक्षणिक धोरणाने (2020) एम.फिल. पदवीच रद्द केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला 2025-26 पर्यंत मुदत दिली, ती अपवाद म्हणून.

माझ्या मते ही पदवी गेली याचं फार दुःख करू नये. जपायला हवा तो तिचा गाभा: दोन वर्षं पूर्णवेळ, रुग्णालयाच्या वॉर्डात आणि ओपीडीत, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम. रुग्णाची केस हिस्टरी घ्यायची, चाचण्या करायच्या, थेरपी द्यायची आणि प्रत्येक केसवर वरिष्ठांचे प्रश्न झेलायचे. हे पुस्तकातून येत नाही, ऑनलाइन तर नाहीच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येतही देखरेखीखालच्या या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे.

खरी अडचण जागांची आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार उपचारांची गरज असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, आणि प्रशिक्षणाच्या जागा मात्र एकेका संस्थेत मोजक्याच. बीड-गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयांत असं प्रशिक्षण देणारे विभाग उभे राहिले, तर मराठीत थेरपी देणारी माणसं तिथेच घडतील. मला याची फार आस आहे.

तुम्ही मात्र प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट पाहाच: त्या अभ्यासक्रमाला आणि त्या संस्थेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता आहे का. ‘समुपदेशन डिप्लोमा’च्या जाहिरातींवर विसंबू नका, त्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.