डाळ शिजेना, ऊस थांबेना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत. चारही प्रश्न शेवटी एकच विचारतात: हे एवढ्या लवकर का होतं, नाहीतर एवढा वेळ का लागतो? शाळेत 31 वर्षं रासायनिक अभिक्रियेच्या वेगाचा हाच धडा शिकवला, पण तेव्हा पोरं एवढे चांगले प्रश्न विचारत नव्हती.

प्रश्न : बाई, नमस्कार. नळाला दहा-बारा दिवस पाणी येत नाही म्हणून स्वयंपाकाला बोअरचं पाणी घेतोय. तेव्हापासून तुरीची डाळ सहा शिट्ट्या करूनही शिजत नाही. वर पाणी तरंगतं, खाली डाळ तशीच. सासूबाई म्हणतात डाळच जुनी आहे. खरं कोणाचं?
— एक गृहिणी, औसा

उत्तर : दोघींचंही. तुमच्या घरात भांडण नको म्हणून नाही सांगत, खरंच तसं आहे.

डाळीतल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात पेक्टिन तुटून विरघळतं, पेशी सुट्या होतात, डाळ गळते. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं, आणि कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. शिजण्याची क्रिया बंद पडत नाही, तिचा दर पडतो. दोन उन्हाळे पत्र्याखालच्या कोठीत काढलेली डाळसुद्धा अशीच आवळत जाते, म्हणजे सासूबाईही चुकीच्या नाहीत.

चहाच्या पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसला असेल तर त्यावर लिंबू पिळून बघा. फसफसलं की समजा, आरोपी सापडला.

आता उपाय. पाणी आधी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळा, गार होऊ द्या, आणि तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी घ्या. जडपणाचा काही भाग त्या गाळात बसतो. डाळ तासभर भिजवा. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ घोटून झाल्यावरच घाला, कारण आंबटपणाने पेक्टिन तुटायला उशीर लागतो. सोडा घालायचाच तर चिमूटभर. जास्त झाला तर डाळीला साबणासारखी चव येते आणि ब-1 जीवनसत्त्व जातं.

आणि शिट्ट्या मोजणं सोडा. शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या सात-आठ मिनिटांत उरकतात आणि डाळ कच्चीच राहते. तुमचा औशाचा भाग समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशालाच उकळतं. कुकरमध्ये तेच 120 पर्यंत चढतं. दर 10 अंशांना अभिक्रियेचा दर साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे कुकर उघड्या पातेल्याच्या चौपट वेगाने काम करतो. पण त्या 120 वर त्याला राहू तर द्या! पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि वीस मिनिटं तिकडे फिरकू नका.

प्रश्न : मॅडम, आमच्या पुस्तकात आहे की उत्प्रेरकाच्या नुसत्या उपस्थितीने अभिक्रियेचा दर बदलतो आणि उत्प्रेरकात काहीच बदल होत नाही. जो काहीच करत नाही तो वेग कसा वाढवतो? सरांना विचारलं तर म्हणाले, एवढं पाठ कर.
— दहावीची विद्यार्थिनी, जिंतूर

उत्तर : परीक्षेत पुस्तकातलंच लिही, मार्क जाऊ देऊ नकोस. पण तुझी शंका रास्त आहे. उत्प्रेरक नुसता बाजूला उभा नसतो. तो अभिक्रियेत उतरतो, अभिकारकाशी तात्पुरता जोडला जातो, कमी ऊर्जेत जाणारी वाट उघडतो आणि शेवटी होता तसा बाहेर पडतो. आधी आणि नंतर वजन केलं तर तेवढंच भरतं, म्हणून ‘बदल होत नाही’ असं म्हणतात. मधल्या वेळात बरंच काही झालेलं असतं.

वर्गात मी मोंढ्यातल्या अडत्याचं उदाहरण द्यायचे: माल त्याच्या हातून जातो, पण त्याच्या घरी जात नाही. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, अडत्या हमाली-तोलाई कापतो की!” खरं होतं. उत्प्रेरक काही कापत नाही. तेव्हापासून ते उदाहरण बंद केलं.

त्यापेक्षा हे करून बघ. औषधाच्या दुकानात जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. मोठ्या माणसाला सोबत घे आणि ते दोन ग्लासांत थोडं थोडं ओत. एकात कच्च्या बटाट्याची फोड टाक, दुसऱ्यात उकडलेल्या बटाट्याची. कच्च्यावर पांढरा फेस चढेल. तो ऑक्सिजन. बाटलीत हेच विघटन महिनोन्‌महिने हळूहळू चालू असतं, बटाट्यातलं कॅटॅलेज (हाच इथला उत्प्रेरक) ते क्षणात उरकतं. उकडल्यावर कॅटॅलेज मोडतं, म्हणून दुसरा ग्लास गप्प. फोड किसून टाकलीस तर काय होतं, ते तू मला कळव.

प्रश्न : टोळीने फड तोडला आणि वाहन आलं नाही. ऊस दोन दिवस रानात, पुढं दोन दिवस कारखान्याच्या यार्डात. काट्यावर वजन घटलं ते घटलंच, वर म्हणतात उताराही (उसातून निघणारी साखर) गेला. तोडलेला ऊस मेलेला असतो, मग त्यातली साखर जाते कुठं?
— शेतकरी, माजलगाव तालुका

उत्तर : तुमचं पत्र वाचून वडिलांची बैलगाडी आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन रात्री गाडी रांगेत उभी होती. कोणता कारखाना ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक कांडं ओढून दातांनी सोललं, तर कापलेलं टोक लालसर झालेलं आणि ताकासारखा आंबूस वास. वडील म्हणाले, “उतरला ऊस.” तेवढंच बोलले आणि बैलांपुढे वाढे टाकले.

तोडलेला ऊस मेलेला नसतो हो, तिथेच गोम आहे. पेशी चालूच असतात. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. तिच्यात पाण्याचा एक रेणू शिरला की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. जिभेला गोडच लागतात, पण कारखान्यात त्यांचे दाणे पडत नाहीत. उलट शिल्लक साखरेचे दाणे पडायलाही आडवे येतात. नुसत्या पाण्यात ही फूट अतिशय सावकाश पडते. पण उसातच इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, म्हणजे सजीवांतला उत्प्रेरक. तोड झाली की त्याला मोकळं रान मिळतं. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. आम्लाने फूट आणखी जोरात होते. वरून ऊन. जानेवारीत जो ऊस दोन दिवस तग धरतो, तो एप्रिलच्या 40 अंशात धरत नाही.

गंमत अशी की रासायनिक अभिक्रियेचा वेग माणसाने पहिल्यांदा नीट मोजला तो उसाच्या साखरेवरच. 1850 साली विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या पाण्यात आम्ल घालून हीच फूट तपासली. सुक्रोजमधून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची (म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची) पातळी उजवीकडे वळते. तुकडे झाले की हळूहळू डावीकडे. त्या वळणावरून किती साखर उरली ते तो मोजत गेला, आणि दिसलं की साखर जितकी जास्त शिल्लक, तितकी ती वेगाने फुटते. म्हणजे त्याच्या प्रयोगात फूट सगळ्यात जोरात सुरुवातीलाच. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पोल’ (रसातल्या साखरेचं प्रमाण) काढतात तो याच तत्त्वावर. रस मुळातच किंचित आंबट असतो, म्हणून कारखान्यात आणि गुऱ्हाळावर त्यात चुना घालतात. आंबटपणा मारला की फूट मंदावते. शिळ्या उसाचा गूळ बसत नाही, नुसता चिकट राहतो, तोही याच कारणाने.

वजनाचं कारण सोपं आहे, पाणी उडतं. पण तुम्हाला पैसे वजनावर मिळतात, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येक तासाचं पाणी तुमच्या खिशातून जातं. याला रसायनशास्त्रात उपाय नाही.

जे हातात आहे ते सांगते. वाहन नक्की झाल्याशिवाय मुकादमाला कोयता लावू देऊ नका. तोड ते गव्हाण (कारखान्यात ऊस टाकतात ती जागा) 24 तासांच्या आत बसवायचा प्रयत्न करा. थांबावंच लागलं तर मोळ्या सावलीला एकावर एक रचा, वर पाचट टाका, पाणी शिंपडा. कांडी जितकी लांब, तितकी उघडी टोकं कमी. यंत्राने तोडलेल्या छोट्या तुकड्यांना टोकंच टोकं, तो ऊस फार लवकर उतरतो. फड जळाला असेल तर हातातलं काम सोडून आधी तोच ऊस पाठवा.

प्रश्न : कपाशीला युरिया फेकला आणि पावसाने आठ दिवस ओढ दिली. युरिया वाया गेला का?
— वाचक, वसमत

उत्तर : सगळा नाही, पण बराच गेला असणार. जिंतूरच्या मुलीला सांगितलेला उत्प्रेरक इथे चोराच्या बाजूने आहे. नुसत्या पाण्यात युरिया फुटायला वर्षानुवर्षं लागतात. मातीत मात्र युरिएज नावाचं विकर असतं, ते काही दिवसांत त्याचा अमोनिया करतं. (हेच युरिएज 1926 साली अमेरिकन शास्त्रज्ञ सम्नर यांनी जॅक बीन नावाच्या शेंगेच्या दाण्यांतून स्फटिकरूपात वेगळं काढलं, त्याबद्दल पुढे त्यांना नोबेल मिळालं.) खत मातीआड असेल तर अमोनिया मातीला धरून राहतो. वर पडलेलं असेल, जमीन काळी चुनखडीची असेल आणि दव किंवा भुरभुर एवढीच ओल असेल, तर दाणा विरघळतो, फुटतो आणि अमोनिया हवेत जातो. नीम-कोटिंग मुख्यतः याच्या पुढच्या पायरीला, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होण्याला, आळा घालतं, इथे त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

पुढच्या वेळी एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्या, आणि खत टाकलं की त्याच दिवशी कोळपं फिरवा.